तक्रारीचा राजीनामा

तक्रार कशी करावी, कोणाकडे करावी, अर्ज कोणत्या शब्दांत लिहावा, या गोष्टींविषयीं आपल्याकडे पुष्कळ बोललें व लिहिलें गेलें आहे. परंतु केलेली तक्रार संपली केव्हां, आणि ती संपली असें म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. तक्रारीचा जन्म दप्तरांत मोठ्या समारंभानें नोंदला जातो. तिचा अंत मात्र एखाद्या कारकुनाच्या शेऱ्यानें होतो. आजच्या भाषणांत या अंताचा थोडा इतिहास आपणांपुढें मांडावयाचा आहे.

विषय जुना असला तरी त्याचें निमित्त अगदीं ताजें आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत जो कारखान्यांचा पट्टा पसरला आहे, तेथल्या सेवाविभागांत ग्राहकाच्या तक्रारीला हल्लीं ‘तिकीट’ असें नांव पडलें आहे. ग्राहकानें कळविलें कीं तिकीट उघडावयाचें, आणि काम झालें कीं तें बंद करावयाचें, असा तो व्यवहार. पुष्कळ ठिकाणीं हें बंद करण्याचें काम केवळ नोकरवर्गाकडे ठेवलेलें असतें. ग्राहकाची अडचण आपोआप दूर झाली तरी ‘माझें काम झालें, आतां हें मिटवा’ एवढें स्वतःच्या हातानें लिहिण्याची त्याला मुभा नसते. त्यासाठीं कोणा अधिकाऱ्यानें त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते. आणि याच्या उलटहि घडतें. अडचण जशीच्या तशी असतांना तिकीट मात्र मिटलेलें असतें. या दोन्ही गोष्टी एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत. ही चूक कोणती, हें समजण्यासाठीं आपण प्रथम याच पट्ट्याच्या कडेला, इंद्रायणीच्या कांठीं वसलेल्या देहू गांवीं जाऊं.

देहूच्या पेठेची महाजनकी तुकोबांच्या घराण्याकडे होती. घरांत व्यापार होता, सावकारी होती, आणि सावकारी म्हटली कीं लोकांकडून लिहून घेतलेलीं खतें आलींच. सन १६३० च्या सुमारास दक्षिणेंत जो भयंकर दुष्काळ पडला, त्यांत या घराची वाताहत झाली. पुढें तुकोबांनीं ऋणकोंचीं खतें काढून इंद्रायणींत बुडविलीं, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. संतचरित्रकार महिपति यांनीं १७७४ सालीं पुरा केलेल्या ‘भक्तलीलामृत’ ग्रंथांत ती आली आहे. तुकोबांचें निर्याण १६५० मधलें. म्हणजे ग्रंथ सव्वाशें वर्षांनंतरचा. तेव्हां तिला दप्तरी पुराव्याची किंमत देतां येत नाहीं. पण समाज आपल्या संताविषयीं कोणती गोष्ट शतकानुशतकें सांगत राहतो, हाहि एक पुरावाच असतो.

या कथेंतला एक तपशील माझ्या विषयाला अत्यंत महत्त्वाचा आहे. तुकोबांनीं सगळीं खतें बुडविलीं नाहींत. धाकटे बंधु कान्होबा यांचा अर्धा वांटा त्यांनीं आधीं वेगळा करून दिला, आणि मग आपल्या वांट्याचीं खतें तेवढीं नदींत सोडलीं. आपलें येणें सोडून देण्यास त्यांना कोणाची परवानगी लागली नाहीं. पण भावाचें येणें सोडून देण्याचा अधिकार आपणांस आहे, असें त्यांनीं मानलें नाहीं. हेतु कितीहि उदात्त असला तरी दुसऱ्याचें खत बुडविणें म्हणजे दान नव्हे. ती त्याच्या हक्कावरची कुऱ्हाड होय.

त्याच नदीच्या डोहांत कागद बुडविल्याची दुसरी कथाहि आपणां सर्वांना ठाऊक आहे. वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून तुकोबांना आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणींत सोडाव्या लागल्या; ते तेरा दिवस निराहार बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. चमत्काराचा विचार ज्यानें त्यानें आपापल्या मतीप्रमाणें करावा. मला येथें दोन प्रसंगांतला भेद तेवढा दाखवावयाचा आहे. नदी एकच आणि कागद सोडणारे हातहि एकच. परंतु पहिल्या वेळीं इच्छा स्वतःची होती, दुसऱ्या वेळीं हुकूम दुसऱ्याचा होता. लोकांच्या कथेंत पहिले कागद कायमचे बुडाले आणि दुसरे वर आले. ज्याचें त्यानें मिटविलेलें मिटतें, आणि दुसऱ्यानें बळेंच मिटविलेलें पुन्हां वर येतें, असा न्याय लोकांच्या मनांत या दोन कथांच्या रूपानें रुजला असल्यास नवल नाहीं.

आतां कथेकडून कागदपत्रांकडे वळूं. सतराव्या व अठराव्या शतकांतल्या महाराष्ट्रांत तंट्याचा निवाडा गोतसभेंत किंवा पंचायतींत होत असे. गांवचा पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार हे सभेस बसत. महजरावर कोणी सही करी, कोणी आपल्या धंद्याची निशाणी काढी. पाटलाचा नांगर आणि शेट्याचा तराजू या निशाण्या जुन्या कागदांवर आजहि पाहावयास मिळतात. या पद्धतींत वादाच्या प्रत्येक पायरीला निराळा कागद होता. वादी-प्रतिवादी प्रथम राजीनामा लिहून देत, म्हणजे अमुक सभेपुढें आमचा वाद चालावा आणि ती करील तो निवाडा आम्हांस मान्य, असें दोघेहि आपल्या राजीखुशीनें कबूल करीत. मग जामीनकतबा होई. त्यानंतर दोघांच्या तकरिरी लिहून घेतल्या जात, साक्षी होत, आणि शेवटीं निवाडपत्र तयार होई.

पण निवाडपत्र झालें म्हणजे वाद संपला, असें कोणी मानीत नसे. जिंकणाराला जयपत्र मिळे आणि हरणाराकडून येजितखत लिहून घेतलें जाई. या येजितखतांत हरणारा आपल्या तोंडानें सांगे कीं, या वादांत मी खोटा झालों, यापुढें या गोष्टीची कटकट मी करणार नाहीं. म्हणजे पंचांनीं निकाल दिला तरी वादाचें दार शेवटीं पक्षकाराच्याच हातानें लावून घ्यावयाचें, अशी ही रीत होती. तिचें कारणहि स्पष्ट आहे. वतनाचे वाद दोन दोन, तीन तीन पिढ्या चालत. एका सभेंत हरलेला मनुष्य दुसऱ्या सभेकडे धांव घेई, आणि राज्य पालटलें कीं जुनें गाऱ्हाणें नव्यानें उकरून काढी. पक्षकाराच्या मनांत जें मिटलें नाहीं तें दप्तरांत मिटवून उपयोग नाहीं, हें त्या काळच्या पंचांना अनुभवानें कळलें होतें.

या रीतीला जुन्या काळचें सोनें म्हणून डोक्यावर घेण्याचें मात्र कारण नाहीं. जिंकणाराकडून सरकार हरकी घेई आणि हरणाराकडून गुन्हेगारी घेई. दोन्ही बाजूंनीं पैसा येत असल्यामुळें वादाच्या अंतांत सरकारचाहि स्वार्थ गुंतलेला असे. शिवाय बलाढ्य देशमुखापुढें गरीब कुणब्यानें लिहिलेलें येजितखत कितपत राजीखुशीचें असेल, याचा विचार आपण केला पाहिजे. सही स्वतःची असली म्हणजे इच्छा स्वतःची असतेच असें नाहीं. हा मुद्दा पुढें पुन्हां येणार आहे. म्हणून तो येथेंच नोंदून ठेवतों.

सन १८१८ मध्यें पेशवाई बुडाली. दक्षिणेचा कमिशनर म्हणून आलेल्या मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननें १८१९ च्या ऑक्टोबरांत जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत पंचायतीच्या पद्धतीचें सविस्तर वर्णन आहे. तिचे दोष त्यानें झांकले नाहींत, आणि ती एकदम मोडूं नये असेंहि त्याचें मत होतें. पण १८२७ चे कायदे आले, अदालती वाढल्या, आणि पंचायत मागें पडली. राजीनामा हा शब्द मात्र नव्या कोर्टांतहि टिकला. तेथें त्याला एक निश्चित अर्थ आला. वादीचें समाधान झालें, माझी आतां तक्रार नाहीं, असें त्यानें लिहून दिलें कीं त्या लेखाला राजीनामा म्हणत. हा राजीनामा दाखल झाला कीं फिर्याद निकालांत निघे. म्हणजे आज आपण ज्याला तिकीट बंद करणें म्हणतों, त्यासाठीं आपल्या भाषेंत दोनशें वर्षांपूर्वींच एक शब्द तयार होता, आणि तो देण्याचा मान तक्रारदाराचा होता.

याच शब्दाचा दुसरा उपयोग जमीनमहसुलांत झाला. पुणें जिल्ह्यांतल्या इंदापूर तालुक्यांत १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं नवी पाहणी करून सारा ठरविला. या पद्धतीचें एक वैशिष्ट्य असें कीं, ठरविलेला सारा तीस वर्षें न वाढविण्याचें बंधन सरकारनें स्वतःवर घालून घेतलें. रयत मात्र दरवर्षीं मोकळी होती. एखादें शेत परवडत नाहींसें झालें तर ठरलेल्या मुदतीच्या आंत लेखी सूचना देऊन तिनें तें सोडून द्यावें. या सूचनेलाहि राजीनामा म्हणत, आणि जमीन नव्यानें घेणारा जो लेख लिहून देई तो कबुलायत. १८७९ च्या जमीनमहसूल कायद्यांतहि ही सोय राहिली. सरकारशीं असलेलें आपलें खातें आपण होऊन मिटविण्याचा हा हक्क होता. राजी होणें, मग सोडून देणें, मग नोकरी किंवा अधिकारपद सोडणें, असा या शब्दाचा अर्थ सरकत गेलेला दिसतो. आज मंत्र्यानें पद सोडलें कीं आपण राजीनामा म्हणतों. फिर्यादीनें समाधान पावून फिर्याद सोडली, हा अर्थ लोकांच्या बोलण्यांतून जवळजवळ पुसला गेला आहे. शब्द नाहींसा झाला कीं हक्काचाहि विसर पडूं लागतो.

खातें मिटविण्याचा मार्ग मनुष्याला नसला म्हणजे काय होतें, हें १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांनीं पाहिलें. त्या वर्षीं १२ मे रोजीं सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा उसळला आणि पाहतां पाहतां तो गांवोगांव पसरला. या दंग्यांत रयतेचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. तो त्यांच्या कागदांवर होता. खतें व हुकूमनामे बाहेर काढावयाचे आणि त्यांची होळी करावयाची, असा तो प्रकार होता. यामागचें दुःख समजून घेतलें पाहिजे. कुणबी पैसे फेडी, धान्य घाली, पण त्याची पावती त्याला मिळेलच असा भरंवसा नसे. हिशेब सावकाराच्या वहींत, वही सावकाराच्या घरांत, आणि कूळ निरक्षर. कर्ज फिटलें कीं नाहीं हें सांगणारा एकच मनुष्य, आणि तो कर्ज देणारा! फिटलेल्या खतावर पुन्हां दावा लागला तर कोर्ट कागद पाही, कुळाचें तोंड पाहत नसे. तुकोबांनीं स्वतःच्या येण्याचीं खतें पाण्यांत सोडलीं; सुप्याच्या लोकांनीं दुसऱ्याच्या येण्याचीं खतें अग्नींत घातलीं. पहिल्या कृत्याला आपण वैराग्य म्हणतों आणि दुसऱ्याला गुन्हा म्हणतों, आणि तें योग्यच आहे. पण ज्याला आपलें खातें सरळ वाटेनें मिटवितां येत नाहीं, तो कधीं तरी आडवाटेला लागतो, हेंहि तितकेंच खरें आहे.

सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. व्याजाची व जप्तीचीं कलमें लोकांच्या लक्षांत राहिलीं. माझ्या दृष्टीनें महत्त्वाचीं कलमें निराळीं आहेत. दिलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. वर्षाचा हिशेब आणि आपल्याजवळ ठेवावयाचें पासबुक मागण्याचाहि हक्क मिळाला. आणि सोळाव्या कलमानें आणखी एक मोठी गोष्ट केली. सावकार दावा लावीपर्यंत वाट पाहत न बसतां, शेतकऱ्यानें आपण होऊन कोर्टांत जावें आणि ‘माझा हिशेब करा, माझ्याकडे कांहीं देणें उरलें असेल तर किती तें जाहीर करा’ अशी मागणी करावी, अशी वाट उघडली. खात्याचा शेवट घडवून आणण्याची सूत्रें प्रथमच खातेदाराच्या हातीं आलीं. कायद्याचे दोषहि पुष्कळ निघाले, पण हें तत्त्व मोलाचें होतें.

याच दशकांत पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनीं लवाद कोर्टाची चळवळ चालविली. दोघेहि पक्षकार आपखुषीनें आले तरच तेथें वाद चाले. सरकारी शिक्का नाहीं, बेलिफ नाहीं, आणि तरीहि लोक येत. आपला वाद आपल्या संमतीनें मिटावा, ही भूक किती खोल होती हें त्यावरून दिसतें.

आतां दिवाणी कायद्यानें या प्रश्नाचें उत्तर कसें दिलें तें पाहूं. १९०८ चा दिवाणी व्यवहाराचा कायदा आजहि चालू आहे. त्याच्या तेविसाव्या आदेशाचा पहिला नियम असा कीं, दावा दाखल झाल्यावर वादी तो केव्हांहि सोडून देऊं शकतो. त्यासाठीं कोर्टाची परवानगी लागत नाहीं. परवानगी लागते ती दुसऱ्याच गोष्टीला: आज दावा काढून घेऊन उद्यां त्याच कारणासाठीं नवा दावा लावण्याची मोकळीक हवी असेल तर. ती न घेतां दावा सोडला, तर त्या विषयावर पुन्हां भांडतां येत नाहीं, आणि प्रतिपक्षाचा खर्चहि अंगावर येऊं शकतो. मिटविणें मोकळें, पण पुन्हां उघडण्याला पहारेकरी, अशी ही मांडणी आहे. वादी अज्ञान असला तर मात्र त्याचा दावा पालकानें परस्पर सोडूं नये, कोर्टाची मंजुरी घ्यावी, असा अपवाद १९७६ च्या दुरुस्तीनें स्पष्ट शब्दांत घातला. ज्याला आपलें हित कळण्याचें वय नाहीं त्याच्या नांवानें दुसऱ्यानें राजी होणें धोक्याचें, हाच त्याचा आशय. देहूच्या कथेंतला कान्होबाचा अर्धा वांटा येथें कायद्याच्या भाषेंत पुन्हां भेटतो.

फौजदारी कायद्यानें याहून बारीक विचार केला आहे. १८९८ च्या फौजदारी व्यवहाराच्या कायद्यांत ३४५ वें कलम तडजोडीचें होतें आणि त्यांत दोन याद्या होत्या. पहिल्या यादींत साधी दुखापत, अब्रुनुकसानी, दुसऱ्याच्या जागेंत घुसणें असे गुन्हे होते. यांत ज्याला इजा झाली त्यानें स्वतः मिटवितों म्हटलें कीं पुरे. कोर्टाची परवानगी नको. दुसऱ्या यादींत जबर दुखापतीसारखे गुन्हे होते. तेथें पक्षकाराची संमति हवी आणि वर कोर्टाची परवानगीहि हवी. आणि जे गुन्हे कोणत्याच यादींत नाहींत, ते कोणालाहि आपसांत मिटवितां येत नाहींत. १९७३ च्या कायद्याच्या ३२० व्या कलमांत हीच मांडणी राहिली, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५९ व्या कलमांतहि ती कायम आहे.

या याद्यांमागचें तत्त्व ध्यानांत घेण्यासारखें आहे. अपमान माझा झाला असेल तर क्षमा करणारा मीच; मॅजिस्ट्रेटनें मध्यें पडण्याचें कारण नाहीं. पण ज्या कृत्यानें माझ्याबरोबर शेजाऱ्याचीहि झोंप उडते, तें मी एकट्यानें मिटविलें म्हणून मिटत नाहीं. शिवाय गुन्हा जितका भारी, तितकी फिर्यादीला धमकावून गप्प बसविण्याची भीति अधिक. म्हणून तेथें न्यायाधीशानें फिर्यादीला समोर उभें करून, तो खरोखर राजी आहे कीं राजी केला गेला आहे, हें पाहावयाचें. परवानगीची जागा एवढीच आहे. दुर्बळाला आधार म्हणून ती असावी. अधिकाऱ्याचा मान म्हणून ती असूं नये.

अलीकडच्या काळांतहि हाच पेंच वेगवेगळ्या रूपांनीं येतो. १९८७ च्या कायद्यानें लोकअदालतींना आधार मिळाला. तेथें दोन्ही पक्षांच्या तडजोडीनेंच निवाडा होतो, आणि त्यावर अपील नाहीं. तडजोड जमली नाहीं तर प्रकरण कोर्टाकडे परत जातें. अपील नसण्याचें समर्थन एकच, तें म्हणजे मिटविणारे पक्षकार स्वतः आहेत. पुढें १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्र सरकारनें महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू केली. गांवानें नवे तंटे होऊं देऊं नयेत, जुने सामोपचारानें मिटवावेत, त्यासाठीं समिति नेमावी, आणि मिटविलेल्या कामाला गुण मिळून गांवाला रोख बक्षीस मिळावें, अशी तिची रचना होती. हेतु चांगला होता आणि पुष्कळ बांधांचे व भाऊबंदकीचे तंटे अशा सामोपचारानें मिटण्याजोगे असतात. परंतु मिटलेल्या तंट्यांना गुण लागले कीं मिटविण्याची घाई मिटविणाराला होते, तंटेवाल्याला नव्हे. गांवाच्या बक्षिसाच्या आड तुझा एकटीचा अर्ज येतो आहे, असें चार वडीलधाऱ्यांनीं एखाद्या विधवेला चावडींत बसवून सांगितलें, तर तिच्या अंगठ्याला राजीनामा म्हणावें काय? कोणतीहि मोहीम असो वा कंपनी असो, बंद केलेल्या तक्रारींच्या संख्येवर जेथें शाबासकी मिळते, तेथें हा प्रश्न उभा राहतोच.

आतां ज्या निमित्तानें हा इतिहास सांगितला, त्याच्याकडे परत येऊं. २०१३ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनें नागरिकांसाठीं ‘सारथी’ नांवाची मदतवाहिनी सुरू केली. तेव्हांपासून देशभर सरकारी कचेऱ्या, बँका, वीजमंडळें आणि खासगी कंपन्या यांच्या तक्रारवह्या हळूहळू यंत्रांत गेल्या. तक्रार करणें सोपें झालें हें खरेंच मोठें काम आहे. पण तक्रारीच्या शेवटाचें काय? रिझर्व्ह बँकेनें २०२१ सालीं काढलेल्या एकात्मिक लोकपाल योजनेंत या प्रश्नाचें एक चांगलें उत्तर सांपडतें. लोकपालाच्या मध्यस्थीनें बँकेनें व ग्राहकानें तडजोड केली, किंवा झालेलें निवारण समाधानकारक आहे असें तक्रारदारानें लेखी अथवा नोंद होईल अशा रीतीनें कबूल केलें, किंवा त्यानें स्वेच्छेनें तक्रार मागें घेतली, तर ती मिटली असें समजावें, असें तेथें सांगितलें होतें. तिन्ही वाटांवर तक्रारदाराची मान हलली पाहिजे. जुन्या कोर्टांतला राजीनामा तो हाच; भाषा तेवढी नवी.

ग्राहकाला आपलें तिकीट मिटवूं द्यावें, असें म्हटलें कीं कचेरींतून दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, ग्राहक अजाण असतो. तो चुकून मिटवील आणि मग गोंधळ होईल. या आक्षेपाला उत्तर आहे. चूक ग्राहकाच्या हातून जशी होईल तशी नोकराच्या हातूनहि होते. भेद इतकाच कीं, ग्राहकाची चूक ग्राहकालाच प्रथम कळते. त्याला ठराविक दिवसांच्या आंत तीच तक्रार पुन्हां उघडण्याची सोय ठेवावी म्हणजे झालें. दिवाणी कायद्यानें पुन्हां उघडण्यावर पहारा ठेवला, कारण तेथें समोर दुसरा पक्षकार असतो आणि त्याला जन्मभर टांगून ठेवणें अन्यायाचें होईल. पंखा दुरुस्त करून मागणाऱ्या ग्राहकाला तितका पहारा नको.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका घराचें पाणी आलें आणि त्यानें तक्रार मिटविली, पण रस्त्याखालची नळी फुटलेलीच आहे. मग ग्राहकाच्या शब्दानें काम बंद करावयाचें काय? नाहीं. येथें फौजदारी कायद्यांतल्या दोन याद्या उपयोगीं पडतात. गाऱ्हाणें ग्राहकाचें आहे, तें त्यानें मिटवावें. बिघाड संस्थेचा आहे, त्याची नोंद संस्थेनें आपल्या वहींत उघडी ठेवावी. या दोन गोष्टी एकाच कागदावर लिहिल्यामुळेंच सगळा घोटाळा होतो. नळी दुरुस्त झाली म्हणून गृहिणीचें समाधान झालें असें ठरत नाहीं, आणि गृहिणी गप्प बसली म्हणून नळी दुरुस्त झाली असेंहि ठरत नाहीं.

मग परवानगी कोठें लागावी? जेथें तक्रारदारावर दडपण येण्याचा संभव आहे तेथें, आणि जेथें एकाच्या राजी होण्यानें दुसऱ्याचा हक्क बुडतो तेथें. कारखान्यांतल्या कामगारानें मुकादमाविरुद्ध केलेली तक्रार दुसऱ्याच दिवशीं त्यानें आपण होऊन मागें घेतली, तर तेथें कोणी तरी तिऱ्हाइतानें त्याला एकांतांत विचारावें कीं, बाबा, तूं राजी आहेस ना? बाकीच्या रोजच्या हजारों गाऱ्हाण्यांना असल्या पहाऱ्याची गरज नाहीं. आजची रूढि मात्र कित्येकदां अगदीं उलट दिसते. किरकोळ तक्रार स्वतः मिटवावयाला परवानगी लागते, आणि गंभीर तक्रार वरून मिटवून टाकली तर कोणाला विचारावें लागत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठीं तुकोबांपासून सुप्याच्या दंग्यापर्यंत कशाला जावें? पण तक्रार करणारा मनुष्य आपली अडचण घेऊन दारीं येतो, तेव्हां तो केवळ दुरुस्ती मागत नसतो. आपलें म्हणणें आपलें म्हणून ऐकलें जावें, अशीहि त्याची मागणी असते. त्याच्या गाऱ्हाण्याचा शेवट त्याला न विचारतां लिहिला, तर काम झालें तरी त्याचा अवमान होतो. आणि काम झालें नसेल तर अवमानाबरोबर फसवणूकहि होते. उलट, शेवटची सही त्याच्या हातीं दिली कीं संस्थेलाहि एक लाभ होतो. तिच्या वहींत मिटलेली म्हणून लिहिलेली तक्रार खरोखर मिटलेली असते. अशी वही विश्वासाची ठरते. इतर वह्या नुसत्या जाड असतात.

राजीनामा या शब्दाला त्याचा जुना अर्थ पुन्हां द्यावयास हरकत नाहीं. पद सोडणाऱ्यांचे राजीनामे आपण रोज वाचतों. समाधान पावलेल्या साध्या माणसाचा राजीनामाहि दप्तरांत दिसूं लागावा. तो त्यानेंच लिहावा, आपल्या वांट्यापुरता लिहावा, आणि त्यासाठीं त्याला कोणाच्या दारांत ताटकळत उभें राहावें लागूं नये.